हातावरचं गाव

सोलापूर,
ता. १२ सप्टेंबर १९७६

अक्का,

पत्राच्या डोक्यावर नमस्कार लिहायचा असतो, तो लिहिला आहे असं समज. मला राग आला आहे, आणि आधी पायांवर डोकं ठेवून मग भांडायचं हे मला जमत नाही. वच्छे, तू हे आईला वाचून दाखवशील तेव्हा नेहमीसारख्या मधल्या ओळी गाळू नकोस. मामाने जसं लिहिलंय तसंच वाच.

परवा धुळा डेपोत आला होता. चुलतभाऊ म्हणून चहा पाजला, तर बशीत फुंकर मारत म्हणतो, "महिपा, अक्का लई रडतीया. तू मोठ्या दवाखान्यात सही करून आलास म्हनं. गावात समदी म्हंत्यात, त्यानं आपरेशन करून घेतलं." हल्ली सही म्हटली की लोकांना ते नसबंदीचं एकच ऑपरेशन सुचतं. तुझी भावजय तानाबाई हे ऐकून पदर तोंडाला लावून हसत बसली. तसलं काही नाही, रडणं थांबव.

खरं काय ते ऐक. माझ्या दोन्ही हातांवर कोड आलंय हे तुला माहीत आहे. माहीत नाही असं म्हणू नकोस, कारण गेल्या भाऊबीजेला तू मला ओवाळलंस ते तबक इतकं लांब धरून, की निरांजन माझ्यापेक्षा दाजींच्या तोंडाजवळ होतं. मी तेव्हा बोललो नाही. घरी येऊन तानाबाईला पण सांगितलं नाही. आज सांगतो, मला ते फार लागलं.

तर इथल्या दवाखान्यात डॉक्टर पंचाक्षरी म्हणून एक बाई आहेत. त्या कोडावरच्या एका औषधाचा अभ्यास करताहेत आणि त्यासाठी आपणहून येणारी माणसं हवी होती. हाताला औषध लावायचं आणि सकाळच्या उन्हात दवाखान्याच्या गच्चीवर बसायचं. बाईंनी मला समोर बसवून सगळं समजावलं. बाटल्या दोन तऱ्हेच्या, दिसायला अगदी सारख्या. एकीत खरं औषध, दुसरीत नुसतं रंगाचं पाणी. कुणाला कुठली मिळाली ते शेवटपर्यंत आम्हालाही कळणार नाही आणि त्यांनाही नाही. मी विचारलं, "म्हणजे सहा-सात महिने उन्हात बसून माझ्या नशिबी पाणीच असेल?" त्या म्हणाल्या, "असू शकतं. नको वाटत असेल तर सही करू नका, मी रागावणार नाही." इतकं सरळ माझ्याशी गेल्या चार वर्षांत कुणी बोललं नव्हतं. मी सही केली.

तू विचारशील, कशाला ही उठाठेव. मी कंडक्टर आहे, अक्का. दिवसभर माझा हात लोकांच्या हाताजवळ जातो. मागच्या महिन्यात एका बाईने तिकिटाचे पैसे सीटवर ठेवले आणि मला म्हणाली, "तितनं घ्या." तिकीट पण सीटवर ठेवायला लावलं. सगळी गाडी बघत होती. त्या दिवशी मी ठरवलं, की ह्या रोगाचं काय ते डॉक्टर लोकांना शोधू दे, आणि त्यासाठी हात लागत असतील तर माझे घ्या.

ह्यात रडण्यासारखं काय आहे ते मला उलट टपाली कळव.

महिपती

-----

सोलापूर,
ता. २८ नोव्हेंबर १९७६

अक्का,

वच्छीचं जमलं हे वाचून आम्ही दोघं फार खूश झालो. मुलगा सांगोल्याकडचा, घरात मेंढरं आहेत, डाळिंबं लावलीत, आणि मुख्य म्हणजे तुला पाहुणे आवडले. तानाबाई लगेच नवी पेठेत जाऊन मामाकडच्या साडीचा रंग बघून आली.

पण त्याच पत्रात खाली जे लिहून पाठवलंस ते वाचून मी ताटावरून उठलो. तू पाहुण्यांना सांगितलंस, की नवरीच्या मामाचे हात भाजलेत. गाडीच्या इंजिनाचं उकळतं पाणी उडालं म्हणे. अगं, मी कंडक्टर आहे. इंजिनाजवळ ड्रायव्हर जातो. थाप मारायची तर निदान माझा धंदा विचारात घेऊन मारायची. वर मला सांगतेस, की लग्नाला येताना लांब बाह्यांचा सदरा घाल, आणि कुणी विचारलंच तर भाजलं म्हण.

मी म्हणणार नाही. मी भाजलेलो नाही. दारू पिऊन कुठं पडलो नाही, चोरी करून हात तोडून घेतला नाही. कातडीचा रंग गेलाय, एवढंच झालंय. जे मी केलं नाही, जे मला कुणी केलं नाही, त्याची गोष्ट रचून पाहुण्यांना सांगायची मला लाज वाटते. तुला कोडाची वाटते, मला थापेची वाटते.

तुला एक सांगतो. गच्चीवर माझ्या शेजारी अक्कलकोटकडचे गुरुबसप्पा म्हणून गृहस्थ बसतात. किराण्याचं दुकान आहे. त्यांच्या ओठांभोवती आणि बोटांवर कोड आहे. पहिले काही दिवस आम्ही सगळेच बाह्या खाली ओढून, मानेला पंचा गुंडाळून बसायचो. इतकी वर्षं जे झाकलं ते उघडं करून उन्हाकडे धरायचं म्हणजे कठीणच. शेवटी गुरुबसप्पांनी सदरा काढून कठड्यावर टाकला आणि म्हणाले, "घरात माजं ताट वेगळं ठेवल्यात, तांब्या वेगळा. हितं तरी कुनाला लाजू?" मग एकेकाने काढले. आता आम्ही तिथं शेंगा सोलत बसतो, मेव्हण्यांच्या कागाळ्या करतो. सोलापूरचं ऊन कधी मला गोड लागेल असं वाटलं नव्हतं.

लांब बाह्यांचा सदरा मी शिवणार नाही. वच्छीच्या लग्नात मामा म्हणून तिला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आहे आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं आहे. ते मी माझ्या ह्याच हातांनी करीन. पाहुण्यांना तू खरं सांगून टाक. आता सांगितलंस तर ते सांगणं होईल, नंतर कळलं तर फसवणूक होईल.

महिपती

-----

सोलापूर,
ता. २३ जानेवारी १९७७

अक्का,

तुझी तार मिळाली. लग्नघरातून तार येते ती काहीतरी चांगली असते असं मला वाटत होतं. "हात कोणाचा कळव" अशी तार पाहून पोस्टातला माणूसही माझ्याकडे बघत राहिला.

हात माझा. सगळं सांगतो, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून ऐकावं लागणार नाही.

संक्रांतीला इथं गड्ड्याची मोठी यात्रा भरते, तिच्यात पंचाक्षरी बाईंनी आरोग्याचा एक तंबू लावला होता. 'कोड म्हणजे महारोग नव्हे, शिवल्याने होत नाही' असा मोठा फलक आणि त्याखाली आमच्या हातापायांचे फोटो. त्यांनी आधी प्रत्येकाला विचारलं होतं. चेहरा दिसणार नाही, नाव कुठं लिहिणार नाही, असा शब्द दिला होता. मी म्हटलं, खुशाल लावा. काळ्या कापडावर कोपरापासून बोटांपर्यंत माझा उजवा हात, केवढा मोठा करून लावला होता.

आणि त्या हातावर काय गोंदलंय ते एकाच्याही लक्षात आलं नाही. फोटो काढणाऱ्याच्या नाही, बाईंच्या नाही, फलक रंगवणाऱ्याच्या नाही, माझ्या स्वतःच्याही नाही. सगळ्यांची नजर पांढऱ्यावर. मी तर ते नाव रोज बघतो, म्हणून मला ते दिसतच नाही. 'महिपती कोंडीबा, निमवाडी.' आणि कातडीचा रंग गेल्यापासून ती हिरवी अक्षरं पूर्वीपेक्षा जास्तच उठून दिसतात. बाईंनी नाव लपवायची एवढी काळजी घेतली आणि नाव गावासकट, गड्ड्याला येणाऱ्या साऱ्या मुलखासमोर टांगलं गेलं.

वच्छे, तुला हे नाव का गोंदलं ते ठाऊक नसेल, आई सांगणार नाही. मी पाचएक वर्षांचा असताना म्हसवडच्या जत्रेत हरवलो होतो. तुझी आई माझा हात धरून चालली होती. बांगड्यांचं दुकान दिसलं तसा तिने हात सोडला. एका घोंगडीवाल्याने मला रात्रभर सांभाळलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बापाने मला शोधून काढलं. बापाने तिला मारलं नाही. त्याने गोंदणारणीला बोलावलं आणि दोघांच्या हातावर नाव न् गाव घालून घेतलं, पुन्हा पोर हरवलं तर वाचता येणारा कुणीतरी आणून घरी पोचवील म्हणून. तुझ्या आईच्या हातावर पण आहे. तिला ते वाचता येत नाही, एवढाच फरक.

तर तुझे पाहुणे गड्ड्याला आले, तंबूत शिरले आणि त्यांनी नाव वाचलं. भाजल्याची थाप उघडी पडली. त्याचा दोष मला देऊ नकोस.

एक गोष्ट मात्र माझी आहे आणि ती लपवत नाही. दुसऱ्याच दिवशी बाईंच्या लक्षात आलं. त्या स्वतः डेपोत आल्या, हात जोडून माफी मागितली आणि म्हणाल्या, "मी नावावर काळी पट्टी चिकटवली आहे. सांगाल तर फोटोच उतरवते." मी तंबूत जाऊन बघितलं. पट्टी लावलेला तो हात एखाद्या दरोडेखोराचा असावा तसा दिसत होता. माझ्या अंगाची आग झाली. मी बाईंना म्हटलं, पट्टी काढा. नाव राहू द्या. त्या दोनदा म्हणाल्या, "विचार करा, तुमच्या घरात लग्न आहे." मी विचार केला नाही. पट्टी काढायला लावली, आणि यात्रा संपेपर्यंत नाव तसंच राहिलं. पाहुणे आले ते त्यानंतर.

आता तुला जे बोलायचं ते बोल.

महिपती

-----

सोलापूर,
ता. २० मार्च १९७७

अक्का,

तुझं पत्र पोचलं. तुझी एवढी पत्रं आली, पण असलं पत्र येईल असं वाटलं नव्हतं.

लग्न मोडलं नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला. खरंच सांगतो, दोन महिने मला धड झोप नव्हती. पट्टी काढायला लावली तेव्हा वच्छीचा विचार मनात यायला हवा होता, हे मी तानाबाईजवळ कबूल केलंय आणि तुझ्याजवळही करतो. पोरीचं मोडलं असतं तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं.

पण पुढे तू लिहितेस, की पाहुण्यांची अट आहे, त्यांच्या माणसांपुढे शोभा नको, म्हणून मामा म्हणून धुळा उभा राहील. मी आणि तानाबाईने आदल्या दिवशी येऊन घरात साडी देऊन जावं, अक्षतांना थांबू नये.

आणि हे तू लिहून कुणाकडून घेतलंस? वच्छीकडून. मी तिचं अक्षर ओळखत नाही होय? तिला पाटीवर 'ग' काढायला मी शिकवलंय. सगळं पत्र सरळ ओळीत आहे आणि 'मामाने थांबू नये' ही ओळ खाली घसरत गेली आहे. ज्या पोरीचं लग्न, तिच्याच हाताने तिच्या मामाला येऊ नको म्हणून लिहायला लावलंस. अक्का, तू माझ्यावर चिडलीस ते मला कळतं. पण हे मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

धुळा कोण आहे मामा म्हणून उभा राहायला? वच्छी गोवराने फणफणली होती तेव्हा रात्रीच्या गाडीने औषध घेऊन धुळा आला होता का? तिला सातवीच्या परीक्षेला माळशिरसला सीटवर बसवून, स्वतः उभं राहून, धुळाने नेलं होतं का? त्याला तिचं पूर्ण नाव तरी लिहिता येईल का, विचार त्याला. त्याच्यात एकच गुण आहे, त्याच्या कातडीचा रंग सगळीकडे सारखा आहे.

दाजींना माझा निरोप सांग. जोतीराम दाजी माणूस म्हणून सरळ आहेत, ते ह्यात गप्प का आहेत ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

वच्छे, तुझ्यावर मी रागावलेलो नाही.

महिपती

-----

सोलापूर,
ता. २० एप्रिल १९७७

अक्का,

तुझं उत्तर नाही. दाजींचंही नाही. ठीक आहे.

अभ्यास संपला. काल बाईंनी आम्हा सगळ्यांना गच्चीवर बोलावून कुणाच्या बाटलीत काय होतं ते सांगितलं. गुरुबसप्पांना खरं औषध होतं. त्यांच्या बोटांवर तिळासारखे ठिपके उठून आता ते एकमेकांत मिसळायला लागलेत. मला पाणी होतं.

हे गावात कळलं की धुळा पोट धरून हसेल, म्हणून मीच कळवतो. सगळा हिवाळा आणि निम्मा उन्हाळा उन्हात बसून मी पाणी लावून घेत होतो. ऐकल्यावर मला राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना, कारण बाईंनी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं. खाली मान घालून बसलो. तेवढ्यात गुरुबसप्पा उठून आले, माझे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाले, "कंडक्टर, तुमचं पानी हुतं म्हनूनच माजं औषद खरं ठरलं न्हव का?" बाई म्हणाल्या, बरोबर आहे. पाण्यावर राहिलेल्यांना आता खरं औषध मिळणार, ते मी जूनपासून लावणार.

बघ अक्का, एक परका दुकानदार येऊन माझे हात हातांत घेतो.

आता मुद्द्याचं. वच्छीच्या लग्नाच्या दिवशी मी रजा काढली आहे. सकाळच्या माळशिरस गाडीने फाट्यावर उतरणार, आदल्या दिवशी नाही. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा असेल. मांडवाच्या तोंडाशी येऊन उभा राहीन. धुळाला पाठीशी उभं करायचं असेल तर तू स्वतः बाहेर ये आणि मला तोंडावर सांग, की जा. पत्रातून नाही, पोरीच्या अक्षरात नाही. तू जा म्हणालीस तर मी मांडवात पाऊल न टाकता आल्या गाडीने परत जाईन आणि पुन्हा तुझ्या दारात येणार नाही.

म्हसवडला तू माझा हात सोडलास तेव्हा पोर होतीस. त्याचा राग मला कधीच आला नाही. आता तू पोर नाहीस.

महिपती

-----

सोलापूर,
ता. १२ मे १९७७

अक्का,

हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार ते मला माहीत नाही. वच्छी तर सासरी गेली. पोस्टमनकडून वाचून घे, ओट्यावर, चारचौघांत. मला चालेल.

लग्नाच्या दिवशी आपण दोघं एक शब्द बोललो नाही, म्हणून लिहितो.

मी मांडवाच्या तोंडाशी उभा राहिलो. तू मला बघितलंस. हातात परात होती, ती घेऊन तू आत गेलीस आणि बाहेर आली नाहीस. जा म्हणाली नाहीस, ये पण म्हणाली नाहीस. तानाबाई साडीचं पुडकं छातीशी धरून उन्हात उभी. येणारे-जाणारे आमच्याकडे बघत होते. तेव्हा आतून वच्छी आली, मुंडावळ्या बांधलेली, हळदीच्या अंगाने. नवरीने असं बाहेर यायचं नसतं. ती आली, माझा उजवा हात धरला आणि म्हणाली, "मामा, लई उशीर केलासा. चला." एवढंच. मी तिच्या मागे गेलो, खरं तर तिनेच मला बोहल्यावर नेलं.

धुळा बाजूला झाला, त्याला मी दोष देत नाही. मग दाजी टॉवेल-टोपी घेऊन आले. मामाचा मान म्हणून टोपी घातली. टॉवेल खांद्यावर टाकतात. दाजींनी तो माझ्या दोन्ही हातांवरून पसरला, कोपरापासून बोटांपर्यंत, नीट सारखा करून. मान खाली घालून करत होते. त्यांना ते तू सांगितलं होतंस, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मानाच्या कापडाने माणसाला झाकायचं तुला कसं सुचलं, अक्का? मी हात हलवले नाहीत. वच्छीच्या लग्नात तमाशा नको म्हणून गप्प उभा राहिलो. तर मंगलाष्टकं सुरू असताना वच्छीने मागे हात केला, टॉवेल ओढून घेतला, कपाळावरचा घाम पुसला आणि करवलीकडे देऊन टाकला. पाहुण्यांना वाटलं, नवरीला उकडतंय. उकडत होतंच म्हणा.

जेवणाच्या पंगतीच्या वेळी मी आणि तानाबाई निघालो होतो. तिथं नवऱ्या मुलाचे आजोबा, मायाप्पा, खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मला हाक मारली. मी जवळ बसलो, तर माझा हात मांडीवर घेऊन डोळे बारीक करून बघायला लागले. वाचता येत नाही त्यांना.

"काय लिवलंया ह्ये?"

"नाव न् गाव. ल्हानपणी जत्रंत हरवलो हुतो. परत हरवला तर कुनी तरी घरला पोचवावा, म्हनून बापानं घालून घेतलं."

म्हातारा बराच वेळ त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिला. मी म्हटलं, "तुमच्या मानसांना माजं हितं येनं पटलं न्हवतं. मी निगतोच हाय."

"कुनाला पटलं न्हवतं? आमी कुटं काय म्हनलो? भाजल्याचं खोटं सांगितलं, त्येचा राग आला हुता, त्यो बोलून दाखवला आन् झालं. मामा नगं असं कोन म्हनलं?"

ती अट त्यांची नव्हतीच. इतके दिवस मी ज्यांच्यावर दात खात होतो त्यांनी काही म्हटलंच नव्हतं. अट तुझी होती. तू ती पाहुण्यांच्या नावावर घातलीस आणि वच्छीकडून लिहून घेतलीस.

मी उठायला लागलो तर म्हाताऱ्याने मनगट सोडलं नाही.

"हरवला तर पोचवावा, असंच हाय न्हवं ह्येच्यावर? मग पोचलायस की. बस जेवाय."

आणि मला शेजारी बसवून घेतलं. त्यांच्या ताटातली पुरणपोळी मोडून माझ्या ताटात टाकली. मी जेवलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, चुलीच्या धुरावर ढकललं. तानाबाईला मात्र कळलं.

मी रागावलेलोच आहे, अक्का. राग जाईल असं दिसत नाही, आणि जावा अशी मला घाई पण नाही. भाऊबीजेला मी येईन की नाही ते आज सांगत नाही. तुझ्या हातावरचं नाव कुणाकडून तरी वाचून घे. माझ्यासारखंच आहे, त्याच सुईचं, त्याच दिवशीचं, एकाच गावाचं. बापाने ते दोघांना घातलं होतं, एकाने दुसऱ्याला आणून पोचवावं म्हणून.

'पोचलायस की, बस जेवाय' हे एका परक्या म्हाताऱ्याने म्हटलं. ते तू म्हणायचं होतंस.

महिपती कोंडीबा,
निमवाडी